खिचडीतली वीज



आपल्या उरण तालुक्यातील घारापुरी बेटावर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत, हे आपणांस ठाऊक आहेच. त्या बेटावरील तीन गावांना समुद्राखालच्या केबलने वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर, मग काळोख. इकडे बोकडवीऱ्याचे वायू विद्युत केंद्र मात्र १९८०च्या दशकापासून चालू होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! वीज आपल्याच छपरावर तयार झाली, तर तारेची वाट कशाला पाहावी लागेल?

त्यासाठी सिलिकॉनचे सौर पॅनेल आहेत. आज आम्ही बोलणार आहोत ते सेंद्रिय सौर घटांविषयी. ‘सेंद्रिय’ म्हटल्यावर शेणखत आठवेल, पण येथे अर्थ कार्बनयुक्त पदार्थ असा आहे. ते विरघळवून शाईसारखे पातळ फिल्मवर पसरता येतात. घट हलका होतो, वाकतो.

अडचण कुठे आहे? प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा यांची जोडी तयार होते. ती फुटली तरच वीज. फुटते ती दोन पदार्थांच्या सीमेवर. एक इलेक्ट्रॉन सोडतो, दुसरा घेतो. पण ही जोडी सुमारे १० नॅनोमीटरच चालते आणि विझते. पुरेसा प्रकाश शोषायला मात्र थर १०० नॅनोमीटरच्या आसपास हवा. १९८६ मध्ये कोडॅक कंपनीतील चिंग टांग यांनी वरणावर भात वाढावा तसे दोन थर एकावर एक दिले. कार्यक्षमता सुमारे १ टक्का. सीमेपासून दूरच्या जोड्या वाटेतच संपत.

१९९५ मध्ये ॲलन हीगर आणि सहकाऱ्यांनी दोन्ही पदार्थ एकाच द्रावणात मिसळले. म्हणजे खिचडी केली! आता सीमा सर्वत्र, दोन पावलांवर. पण आमच्या मते खरी मेख पुढे आहे. खिचडी पार घोटून पेज केली तरी बिघडते; सुटलेल्या इलेक्ट्रॉनला बाहेर जायला आपल्या पदार्थाची अखंड वाट उरत नाही. दोघांनी जवळ यावे, पण आपापले धागे राखावेत. २०१९ मध्ये नवा इलेक्ट्रॉन-ग्राहक पदार्थ वापरून १५ टक्क्यांपुढे मजल गेली. पुढे तिसरा पदार्थ घालून, उरलेले रंग शोषून घेत, प्रयोगशाळेतील चिमुकले घट १९-२० टक्क्यांपर्यंत पोहोचले.

म्हणून उद्याच घरावर बसवा, असे आम्ही सांगणार नाही. आज छपरासाठी सिलिकॉनच घ्यावे. सेंद्रिय घटाला ऑक्सिजन, दमट हवा व ऊन सोसत नाही, आणि आपल्याकडे दमट हवेची कमतरता नाही. उष्णतेने मिसळलेले धागे हळूहळू पुन्हा गोळा होतात. अनित्यता पदार्थालाही चुकलेली नाही! सध्याची झुंज तिथेच आहे.

अकरावीला रसायनशास्त्र नको म्हणणाऱ्या आमच्या मुलामुलींसाठी एवढेच सांगतो, की पवईच्या आय.आय.टी.त २०१० पासून सौरविजेच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँच जाते, पवई तिथून फार लांब नाही. कोणाला प्रश्न असतील तर सभेनंतर आम्ही थांबलो आहोत.