भिंतीवरची तारीख



तुमच्यापैकी कुणी इंजिनिअर झालं, कुणी बँकेत गेलं. मी हिवतापाचा माणूस झालो. दर पंधरा दिवसांनी घरोघरी जायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. आत्ता कुणाला ताप आहे का? गेल्या पंधरवड्यात येऊन गेला का? बाहेरगावाहून कुणी आलंय का? 'हो' म्हटलं की अनामिकेला टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं आणि दाराशेजारच्या चौकटीत तारीख टाकून पुढं निघायचं. ती चौकट तुमच्याही घराच्या भिंतीवर असेल. पोरं तिला खडूनं मिशा काढत.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई. फवारणी आणि घरभेटींमुळे १९६५ पर्यंत तो आकडा लाखाच्या आसपास आला. मग ढिलाई झाली, डासही डीडीटीला दाद देईनात, आणि १९७६ मध्ये रुग्ण ६४ लाखांवर गेले.

म्हणून आम्हाला दंडक होता: वर्षभरात निदान १० टक्के लोकांचं रक्त तपासायचं. पट्ट्या कमी घेतल्या की रुग्णही कमी दिसतात, आणि साहेब खूश होतात! वहीतलं शून्य मला कधीच आवडलं नाही.

एका गावात सलग तीन महिने शून्य होतं. गावाबाहेर ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या पडल्या होत्या. कोपीला घरक्रमांक नाही, भिंत नाही. तारीख टाकणार कुठं? दिवसा सगळे फडात. म्हणून मी पहाटे, बैलगाड्या जुंपायच्या आधी गेलो. एक आजी म्हणाली, "ताप नाही बाबा कुणाला." पोराला दवाखान्यात न्यायचं म्हणजे सुनेचा खाडा, ही तिची भीती. गोधडीतल्या पोराला मात्र हुडहुडी भरली होती. नऊ पट्ट्या घेतल्या, चारांत हिवताप निघाला. तेव्हापासून वहीच्या मागच्या पानावर मी कोप्यांना माझेच क्रमांक दिले: बाभळीखालची एक, विहिरीकडची दोन.

आता आशाताई येतात, डेंग्यूचीही नोंद होते. पण आपण पुण्या-मुंबईचे लोक चार दिवस गावी येतो, ताप आला तर गोळी घेऊन परत जातो. ना इथल्या वहीत, ना तिथल्या. आशाताईंनी तिसरा प्रश्न विचारला, तर "पाहुणे आहेत, जातील उद्या" असं म्हणून त्यांना वाटेला लावू नका.

आणि हो, मघाशी शाळेमागच्या टाकीत डोकावलो, तर अळ्या वळवळत होत्या. शिपाईमामांनी आणि मी मिळून ती उपसली. माझ्या बाह्या त्यानं भिजल्यात, भाषणाच्या घामानं नव्हे.