सेमाडोहच्या रानात लेकीबरोबर



आपल्या व्याख्यानमालेत काल वेदान्त झाला, उद्या शेतीचे अर्थशास्त्र आहे. या दोन भरभक्कम विषयांच्या मध्ये एका आईने आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन रान कसे तुडवले आणि सायकल कशी हाकली, हे सांगायला उभे राहायचे, म्हणजे आधीच थोडे धाडस आले. आमच्या घरी मात्र हा विषय कधी हलका नव्हता. सेमाडोहला जायचे ठरले त्या दिवशी सासूबाईंनी सरळ विचारले, "पोरीले कायले नेतं वं अस्वलाच्या रानात? घरी खेळाले जागा नाही का तिले?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. मी तो थट्टेवारी नेणार नाही. आजचे माझे बोलणे म्हणजे त्या प्रश्नाला द्यायचे राहिलेले उत्तर आहे, असे म्हटले तरी चालेल.

बर्फाच्या देशांत आईबाप लहान मुलांना घेऊन पायांना लांब फळ्या बांधतात आणि डोंगरउतारावरून घसरत जातात. त्याला स्कीइंग म्हणतात. आपल्या वऱ्हाडात बर्फ भेटतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर, तेव्हा त्या खेळाचा आपल्याला अनुभव असण्याचे कारण नाही. पण नॉर्वे देशातली एक जुनी हकीकत मला फार आवडते. १२०६ सालच्या हिवाळ्यात तिथे यादवी माजली होती. राजाचा दोन वर्षांचा मुलगा हाकोन शत्रूच्या हाती पडू नये म्हणून त्याच्या पक्षाच्या लोकांनी त्याला डोंगरापलीकडे न्यायचे ठरवले. वाटेत बर्फाच्या वादळाने गाठले, तेव्हा फळ्यांवर सर्वांत तरबेज असलेल्या दोघांनी पोराला घेऊन पुढे वाट काढली. ते पोर १२१७ साली राजा झाले. त्या प्रवासाची आठवण म्हणून १९३२ पासून तिथे ५४ किलोमीटरची शर्यत होते आणि प्रत्येक स्पर्धकाला पाठीवर साडेतीन किलोचे ओझे घ्यावे लागते. ते ओझे म्हणजे तो राजपुत्र!

मला यात एकच गोष्ट पटत नाही. दोन वर्षांचे पोर साडेतीन किलोचे नसते. माझी लेक त्या वयात अकरा किलोची होती. शिवाय ओझे गप्प बसते. पोर टोपी काढून फेकते, पाणी मागते, आणि मधेच "मला खाली उतरव" म्हणते. मुलाला घेऊन रानात जाण्यातली सगळी अडचण आणि सगळी मौज या "खाली उतरव"मध्ये आहे. मूल पाठीवर आहे तोवर प्रवास तुमचा असतो. ते खाली उतरले की वेळ त्याची, वाट त्याची, थांबे त्याचे. साहसाची हौस असलेल्या आईबापांना हे पचवायला जड जाते. आपल्याला शिखर गाठायचे असते, आणि त्याला मुंग्यांची रांग कुठे जाते ते पाहायचे असते.

शरीर कमावण्याचे महत्त्व अमरावती जिल्ह्याला सांगायला नको. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आपल्याकडे आहे, आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तेथील मंडळींनी आपले देशी खेळ परदेशात करून दाखवले. पण आखाड्याची माती सपाट आणि चाळलेली असते. रानाची जमीन तशी नसते. तिथे प्रत्येक पाऊल कुठे टाकायचे ते मुलाला स्वतः ठरवावे लागते, आणि हे ठरवणे ज्याला लहानपणी जमले तो पुढे सहसा डळमळत नाही, असा माझा समज आहे.

या बाबतीत आदर्श शोधायला दूर जायला नको. गो. नी. दांडेकर आपल्या परतवाड्यात ८ जुलै १९१६ रोजी जन्मले. तेराव्या वर्षी स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी घर सोडून निघालेला हा मुलगा पुढे गाडगेमहाराजांच्या सहवासात राहिला, नर्मदेची परिक्रमा करून आला आणि सह्याद्रीतले किल्ले पायांखाली घालत राहिला. पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. हे गोनीदा किल्ल्यांवर जाताना आपल्या लेकीला, वीणाला, बरोबर नेत. मुलगी लहान आहे, मुलगी आहे, या दोन्ही सबबी त्या काळी सहज मिळाल्या असत्या. त्यांनी त्या वापरल्या नाहीत. ती लेक पुढे वीणा देव म्हणून मराठी वाचकांना माहीत झाली आणि तिने वडिलांवर पुस्तकही लिहिले. पित्याबरोबर चाललेली वाट लेकीच्या किती उपयोगी पडते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

परतवाड्याहून धारणीच्या रस्त्याला लागले की घाट चढून आपण मेळघाटात शिरतो. घाटांचा मेळ तो मेळघाट. सेमाडोह हे कोरकूंचे गाव सिपना नदीच्या काठी आहे. कोरकू भाषेत सिपना म्हणजे सागवान. ही भाषा मराठीची नव्हे आणि शेजारच्या गोंडीचीही नव्हे. तिचे नातलग दूर पूर्वेकडे, संथाळी आणि मुंडारी हे आहेत. माझ्या लेकीला यातले नातेगोते कळले नाही. नदीचे नाव झाडाचे आहे एवढे मात्र तिला पटले, कारण नदीपर्यंत जाताना झाडे फक्त सागाचीच दिसत होती.

हे रान १९७३-७४ साली देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक झाले. तिथे मनाला येईल तसे हिंडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. परवानगी असलेल्या वाटेवर, वाटाड्याला बरोबर घेऊन आम्ही निघालो. तीन किलोमीटरला आम्हांला चार तास लागले. हे ऐकून माझे एक स्नेही म्हणाले, "मग तुम्ही चाललात कुठे?" त्यांचे बरोबर आहे. आम्ही चाललो थोडे. सागाची वाळलेली पाने पापडासारखी वाजतात. त्यांवरून आवाज न करता दहा पावले कोण टाकतो, या पैजेत पाऊण तास गेला. सागाचे कोवळे पान बोटांत चुरडले की तांबडा रंग निघतो. तो रंग तिच्या हातांवर, माझ्या पातळावर आणि वाटाड्याच्या कपाळावरही लागला. सिपनेच्या पात्रात उन्हाळ्याकडे धार बारीक होते आणि डोह तेवढे उरतात. त्या गोट्यांवरून उड्या मारत पलीकडे जायचे, यात पाय दोनदा घसरला आणि गुडघा सोलवटला. ती रडली, मग गुडघा पाण्यात बुडवून बसली, आणि तिसऱ्या वेळी कोणता दगड हलतो ते हाताने चाचपून मगच पाय ठेवला. हे तिला मी शिकवले नाही. मी शिकवले असते तर तिने ऐकले नसते!

मग वाटाड्या एकाएकी थांबला आणि हळूच म्हणाला, "बाई, चुप राय. ते पाय वर." निष्पर्ण फांदीवर, लख्ख उन्हात, एक लहानसे घुबड बसले होते. तो रानपिंगळा. या पक्ष्याची कथा मी तिला तिथेच कुजबुजत सांगितली. १८८४ नंतर तो कोणाला सापडला नव्हता. नाहीसाच झाला असे पक्षिशास्त्रज्ञ धरून चालले होते, आणि ११३ वर्षांनी, १९९७ साली, खानदेशात शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला. नंतर मेळघाटातही आढळला. तो दिवसाउजेडी उघड्यावर बसणारा पक्षी, तरी माणसांना इतकी वर्षे दिसला नाही! लेकीने विचारले, "मग तो लपला होता की लोक बघत नव्हते?" वाटाड्या हसला. त्याचे उत्तर असे की, गावातली माणसे बघतच होती, त्यांना कोणी विचारले नव्हते. या उत्तराची सत्यता मी तपासू शकत नाही, पण ते मला विसरता येत नाही.

आता भीतीविषयी. सासूबाईंचे अस्वल खोटे नव्हते. मोहाची फुले गळू लागतात त्या दिवसांत पहाटे ती वेचायला बायका-मुले जातात, आणि तीच फुले खायला अस्वलही येते. रानातली माणसे वाघापेक्षा अस्वलाला अधिक भितात. रात्री आमच्या मुक्कामापासून काही अंतरावर सांबर ओरडले. भांडे आपटावे तसा एकच कोरडा आवाज, पुन्हा शांतता, पुन्हा तो आवाज. लेक मला बिलगली आणि म्हणाली, "आई, तू घाबरलीस?" मी "हो" म्हणाले. आईबापांनी आपण घाबरलो असे मुलांना सांगू नये, असे पुष्कळांचे मत आहे. मला ते मान्य नाही. "काही नाही, झोप" असे म्हटले असते तर तिच्या कानांनी ऐकलेले खोटे ठरले असते. त्याऐवजी आम्ही बोललो की सांबर का ओरडते, कोणाला सावध करते, आपले दार बंद आहे की नाही. तिने उठून कडी स्वतः पाहिली. मग ती झोपली. जागी राहिले ते मी.

धोका अजिबात नसलेली सहल म्हणजे घराचेच एक मोठे दालन. आणि मुलाच्या आवाक्याबाहेरचा धोका म्हणजे आईबापांचा स्वार्थ. त्यात मूल नुसते ओझे होते, साडेतीन किलोचे काय अन् अकरा किलोचे काय. या दोहोंच्या मधली जागा रोज नव्याने शोधावी लागते. सायकलीने मला हे नीट कळले. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यात सायकल दामटण्याचा विचारही नको, म्हणून सायकलीसाठी आम्ही चिखलदऱ्याचे पठार निवडले. तिची सोळा इंची चाकांची सायकल एस.टी.च्या टपावरून आली. चढावर मी ढकलायचे हे ठरलेच होते. उताराची गोष्ट निराळी. लहान मुलाची बोटे आखूड, ब्रेकवर पकड कमी. लांब उतारावर ती थकतात आणि नेमक्या वळणावर सुटतात. म्हणून आमचा नियम असा की उतारावर सायकलीवरून उतरायचे आणि तिला हाताने धरून चालायचे. सपाटीवर मात्र पाहिजे तेवढे पळावे, पडावे, मी मागून ओरडणार नाही. गाविलगडाच्या दरवाजापर्यंत आम्ही असेच गेलो. १८०३ साली आर्थर वेलस्लीने हा किल्ला घेतला हे मी सांगू लागले, तेव्हा तिने विचारले, "तो पण सायकल ढकलत आला?" तोफा ढकलत आला, हे ऐकून तिचे समाधान झाले.

पण सायकलीवरचा खरा गुरू तिला सेमाडोहच्या गल्लीत भेटला. दहा वर्षांचा एक मुलगा वडिलांची मोठी सायकल, मधल्या दांडीखालून पाय घालून, एका अंगाला कलून चालवत होता. दोघांनी सायकलींची अदलाबदल केली. त्याचे गुडघे तिच्या हॅण्डलला टेकले आणि सगळी गल्ली हसली. तिला त्याची सायकल नुसती उभीही धरता येईना. माझ्या मुलीला जे साहस वाटत होते ते त्याचे रोजचे दुकानाला जाणे होते.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाणे मला बरे वाटणार नाही. मेळघाटाचे नाव १९९३ पासून वर्तमानपत्रांत आले ते कुपोषणाने दगावणाऱ्या बालकांमुळे. ज्या भूमीत आई पोर जगवायला झगडते तिथे आपण आपले गुटगुटीत पोर मौजेसाठी न्यावे का? हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे. बैरागडला राहून वैद्यकी करणाऱ्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. लग्नाआधी रवींद्रांनी घातलेल्या अटींत चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी ही एक अट होती. पुढे त्यांचे स्वतःचे बाळ तिथे गंभीर आजारी पडले, तेव्हा त्याला शहरात न हलवता तिथल्या बाळांना मिळतात तेच उपचार द्यायचे, असे स्मिताताईंनी ठरवले. हे ऐकले की आमच्या सायकली आणि आमचे डोह फार लहान वाटतात. ते लहान आहेतच. तरीही मी जाते, कारण मेळघाट माझ्या मुलीला बातमीतून कळण्याआधी त्या सायकलवाल्या मुलाच्या चेहऱ्याने कळावा, असे मला वाटते. तिची जुनी पुस्तके आता त्याच्याकडे जातात, आणि त्याने एकदा मोहाची फुले पाठवली. ती सासूबाईंनी वाळवून ठेवली आहेत.

कोणी जाणार असेल तर दोन शब्द. सहा वर्षांच्या मुलाला होळीनंतरच्या उन्हात नेऊ नये. दिवाळीपासून माघापर्यंतचे दिवस चांगले. होळी मात्र कोरकूंचा सर्वांत मोठा सण; तो पाहायचा असेल तर पाहुणा म्हणून जावे, दुपारी सावलीत बसावे. पाणी आपल्याला वाटते त्याच्या दुप्पट घ्यावे. परवानगीचे कागद आधी करावेत. मुलाची पिशवी मुलाने भरावी आणि त्यानेच उचलावी. पुढल्या दिवाळीसाठी आमच्याकडे यादी आत्ताच तयार आहे: विजेरी, सोलवटल्यावर लावायचे मलम, पिंगळ्याचे चित्र काढायला वही, आणि चौथ्या ओळीत, थोड्या वाकड्या अक्षरांत, "आजी".