कुलूप लावलं की नाही?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी ठेवी, नॉमिनेशन, इच्छापत्र अशा विषयावर बोलावं अशी आपल्या सचिवांची अपेक्षा होती. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करणार? पण तो विषय मी मागे एकदा घेतला आहे. आज जे सांगणार आहे ते या सभागृहात कधी बोललेलो नाही. दोन वर्षांपूर्वी मी मानसिक आजारावर उपचार घेतले. तेही विद्यापीठाच्या प्रशिक्षण केंद्रात, एका शिकाऊ मुलीकडून.

तुमच्यापैकी पुष्कळांनी मला गेटपर्यंत जाऊन परत जिना चढताना पाहिलं आहे. वॉचमन विचारायचा, "साहेब, काही विसरलं का?" मी म्हणायचो, "चष्मा." चष्मा डोळ्यांवरच असायचा. मी वर जात होतो ते कुलूप लागलंय का, गॅस बंद आहे का, हे पाहायला. आधी एकदा, मग तीनदा, पुढे पुढे आठ-दहा वेळा.

नोकरीत ही सवय माझा गुण होती. स्ट्राँगरूमच्या किल्ल्या दोघांच्या ताब्यात असतात. एकाने कुलूप लावायचं, दुसऱ्याने ओढून पाहायचं, मगच घरी जायचं. निवृत्त झालो आणि दुसरी किल्ली धरणारा माणूस गेला. मग मीच लावणारा आणि मीच पुन्हा पुन्हा तपासणारा झालो. माझी आजी अशा माणसाला 'मंत्रचळ लागलाय' म्हणायची. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. नको असलेला विचार डोक्यात पुन्हा पुन्हा येतो, जीव घाबरा होतो, आणि ती घालमेल थांबवायला माणूस एकच कृती करत राहतो. कुणी हात धुतो, कुणी मोजतो, मी कुलूप ओढत होतो.

घरी सगळ्यांना हा थट्टेचा विषय वाटायचा, मलाही. एकदा अकोल्याहून निरोप आला की दादाचं काही खरं नाही, लगेच निघा. रात्रीची गाडी होती. रिक्षा खाली उभी, सौ. रिक्षात बसलेली, आणि मी चार वेळा वर गेलो. गाडी चुकली. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने पोचलो तेव्हा दादा गेलेला होता. आदल्या गाडीने गेलो असतो तर दोन तास तरी त्याच्याजवळ बसायला मिळालं असतं. वहिनींना मी सांगितलं, रिझर्व्हेशन मिळालं नाही. आज पहिल्यांदा खरं सांगतो आहे. इथे बोलण्याआधी त्यांना फोन करून सांगितलं.

एवढं होऊनही पुढची तीन वर्षं मी कुणाकडे गेलो नाही. 'मला काय वेड लागलंय?' हा एकच प्रश्न आडवा यायचा. शेवटी मुलीने विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाच्या केंद्रात नाव नोंदवलं. तिथली फी बाहेरच्या मानाने बरीच कमी होती, आणि वेळ लवकर मिळाली.

पहिल्या दिवशी समोर माझ्या नातीच्या वयाची मुलगी येऊन बसली. तिने स्वच्छ सांगितलं, "काका, मी अजून शिकते आहे. माझ्या कामावर आमच्या मॅडमची देखरेख असते. तुमची हरकत नसेल तरच आपलं बोलणं रेकॉर्ड होईल, आणि ते फक्त माझ्या कामाच्या तपासणीसाठी वापरलं जाईल. तुम्ही नाही म्हणालात तरी उपचार मिळतील." खरं सांगतो, मला अपमान वाटला. बाहत्तरीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला काय शिकाऊ माणसाच्या हाती द्यायचं? उठून जाणार होतो. मग आठवलं, माझी पहिली बॅलन्सशीट टॅली करायला मला कुणी शिकवलं होतं? मीही कुणाच्या तरी खात्यांवरच शिकलो होतो. फक्त माझ्या प्रत्येक व्हाउचरवर दुसऱ्याची सही असायची.

मंडळी, प्रशिक्षण केंद्राचं मर्म हेच आहे. एकाने करायचं, दुसऱ्याने तपासायचं. ही पद्धत नवी नाही. १८९६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर नावाच्या प्राध्यापकाने पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक काढलं. पहिला रुग्ण कोण? शब्दांचं स्पेलिंग न जमणारा एक शाळकरी मुलगा. त्याला त्याच्या शिक्षिकेने आणलं होतं. विद्यापीठात उपचारही व्हावेत आणि त्यातूनच विद्यार्थी घडावेत, ही त्यामागची कल्पना. आपल्याकडे मुंबईत १९३७ साली टाटांच्या समाजकार्य संस्थेत बालमार्गदर्शन केंद्र सुरू झालं, तेही शिक्षणसंस्थेच्याच आश्रयाने. आज 'निम्हान्स' म्हणून आपण ओळखतो ती बंगळुरूची संस्थासुद्धा उपचार आणि शिक्षण एकाच छताखाली करते.

इथे एक घोळ दूर करतो, कारण माझाही होता. सायकियाट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ. ते एमबीबीएस होऊन पुढे शिकलेले डॉक्टर, औषधं तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे मानसशास्त्रात एम.ए. करून पुढे प्रत्यक्ष रुग्णांबरोबर शिकलेले. आपल्याकडे बराच काळ नेहमीचा मार्ग म्हणजे दोन वर्षांचं एम.फिल. होता. ते चाचण्या घेतात, निदान करतात, बोलण्यातून आणि सरावातून उपचार करतात, गोळ्या देत नाहीत. त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. आपण सोसायटीच्या ऑडिटरला विचारतोच ना! समुपदेशक हा तिसरा, वेगळा व्यवसाय. तिघांचंही काम मोलाचं, पण कोण काय करतो हे आपल्याला माहीत हवं.

पहिल्या भेटीत दीड तास नुसते प्रश्न झाले. एका प्रश्नावलीत चाळीसपैकी गुण द्यायचे असतात. जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. मला बावीस मिळाले. आयुष्यात पहिल्यांदाच जास्त मार्कांचं वाईट वाटलं. केंद्राने मला एका सायकियाट्रिस्टकडेही पाठवलं. त्यांनी एक गोळी सुरू केली. औषध आणि हे उपचार दोन्ही बरोबर चालू शकतात.

मग तिने मला आजाराचं गणित समजावलं. कुलूप तपासलं की क्षणभर बरं वाटतं. त्या बरं वाटण्यामुळेच पुढच्या वेळी पुन्हा तपासावंसं वाटतं. मी म्हटलं, म्हणजे जुन्या कर्जाचं व्याज भागवायला नवीन कर्ज काढण्यासारखं. ती हसली आणि म्हणाली, "काका, हे मी वहीत लिहून घेते."

उपचार ऐकायला सोपा आहे. ज्याची भीती वाटते ते करायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. १९६६ मध्ये लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी आपल्या रुग्णांवर ही पद्धत वापरून दाखवली. तोवर ओसीडीवर बोलण्याचे उपचार फारसे लागू पडत नसत. आम्ही एक यादी केली. सगळ्यात कमी भीती ते सगळ्यात जास्त, शून्य ते शंभर. न्हाणीघराचा दिवा न तपासणं वीस. घराला एकदा कुलूप लावून गेटबाहेर जाणं नव्वद. खालून वर एकेक पायरी चढायची.

पहिल्यांदा एकदाच कुलूप लावून खाली बाकावर बसलो तेव्हा घाम फुटला होता. वाटत होतं, ही भीती अशीच वाढत जाणार. ती वाढली, एका ठिकाणी थांबली, आणि चाळीस मिनिटांनी आपोआप उतरली. मी काही केलं नाही तरी ती उतरते, हे मला बाहत्तराव्या वर्षी कळलं. या यादीत सौ.चाही वाटा होता. मी विचारायचो, "गॅस बंद केलास ना?" आणि ती दहा वेळा "हो" म्हणायची, मला त्रास नको म्हणून. केंद्रात तिला बोलावून सांगितलं, आता उत्तर देऊ नका. तिला ते माझ्यापेक्षा जड गेलं.

आता तपासणीचा एक प्रसंग. चौथ्या भेटीत मी फार घाबरलो होतो. ती मुलगी पटकन म्हणाली, "काका, काही होणार नाही, कुलूप लागलेलंच असेल." मला हायसं वाटलं. पुढच्या आठवड्यात तिने स्वतःहून सांगितलं, "मागच्या वेळी माझी चूक झाली. मी तुम्हाला धीर दिला, म्हणजे तुमच्या वतीने कुलूपच तपासलं. मॅडमनी रेकॉर्डिंग ऐकून दाखवून दिलं." त्या दिवशी माझा पूर्ण विश्वास बसला. चूक कुणाकडूनही होते. जिथे ती सापडते आणि ग्राहकाला सांगितली जाते, तिथे खातं ठेवायला हरकत नाही.

सोळा भेटी झाल्या. शेवटी गुण बावीसवरून नऊवर आले. शून्य झाले नाहीत. पावसाळी रात्री अजून एखादी चक्कर होते. पण मी आता चष्म्याचं निमित्त सांगत नाही.

दोन-तीन उपयोगाच्या गोष्टी सांगून थांबतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. जीविताला धोका असेल असे मोजके अपवाद आहेत, ते पहिल्याच भेटीत समजावून घ्या. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच धरावं, असंही त्यात म्हटलं आहे. पॉलिसी काढून वाचा. आणि सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक प्रत्येक विंगच्या नोटीस बोर्डावर, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनच्या शेजारी लावावा, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे.

पंचवीस वर्षांत आपण एकमेकांच्या घरची लग्नं पाहिली, बायपास पाहिल्या, मोतीबिंदू पाहिले. डबे पोचवले, रक्त दिलं. मनाच्या दुखण्याला मात्र प्रत्येकाने आपापलं दार लावून घेतलं. कुणी परत परत जिना चढताना दिसला, कुणी महिनाभर खाली उतरलाच नाही, तर थट्टेआधी एकदा विचारा, "बरं आहे ना?" मला हा प्रश्न वेळेवर कुणी विचारला असता तर कदाचित मी चिडलो असतो. पण ती गाडी कदाचित मिळाली असती.

आज इथे येताना कुलूप एकदाच लावलं. मघाशी बोलताना दोनदा वाटलं, लागलं असेल ना? तुमच्यापैकी कुणी कृपया जाऊन पाहू नका.