थेंबभर तेलाचा प्रश्न

(व्याख्यानाचा मजकूर)



विहिरीवरचे डिझेल इंजिन बरेच दिवस बंद राहिले, किंवा त्याच्या टाकीतील तेल पूर्ण संपून पुन्हा भरले, की ते सहसा लगेच सुरू होत नाही. हँडल मारून मारून माणूस घामाघूम होतो आणि मग शेजारचा एखादा जाणता सांगतो, “एअर धरली आहे, आधी एअर काढा.” तेलाच्या मार्गावरचा स्क्रू सैल केला जातो. फेसाळ तेल बुडबुड्यांसह बाहेर येऊ लागते. बुडबुडे थांबून अखंड धार लागली की स्क्रू आवळतात आणि इंजिन धडधडू लागते. मोहरीएवढा हवेचा बुडबुडा पाच अश्वशक्तीचे यंत्र अडवून धरतो, ही गोष्ट ग्रामीण भागात सर्वांच्या परिचयाची आहे.

परंतु याच इंजिनाच्या जन्मकाळी तेल आत घालण्याचे सारे काम हवाच करीत असे. हवेच्या साहाय्यावाचून पहिले डिझेल इंजिन चाललेच नसते. हा साहाय्यकर्ता पुढे वैरी कसा ठरला, आणि तो तसा ठरल्यामुळेच हे इंजिन शेतकऱ्याच्या विहिरीपर्यंत कसे येऊ शकले, याचा इतिहास फारसा सांगितला जात नाही.

डिझेल इंजिनाचे तत्त्व सोपे आहे. सिलिंडरमध्ये केवळ हवा घ्यावयाची आणि दट्ट्याने ती इतकी दाबावयाची की तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्याही वर जावे. त्या तप्त हवेत तेलाचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. ठिणगीची गरज उरत नाही. खरी अडचण पुढेच आहे. आत हवा तीस-पस्तीस पट दाबाखाली कोंडलेली असताना तेल आत जावे कसे? शिवाय ते नुसते जाऊन भागत नाही. धुक्यासारखे बारीक होऊन गेले पाहिजे, ठरल्या क्षणी गेले पाहिजे आणि मोजून गेले पाहिजे. मिनिटाला दीड हजार फेरे घेणाऱ्या पाच अश्वशक्तीच्या चार टप्प्यांच्या इंजिनाचा हिशेब पाहावा. असे इंजिन पूर्ण भारावर तासाला सुमारे सव्वा लिटर तेल घेते आणि तेवढ्या वेळात पंचेचाळीस हजार फवारे सोडते. म्हणजे प्रत्येक फवाऱ्याच्या वाट्याला सत्तावीस-अठ्ठावीस घन मिलिमीटर, जेमतेम एक थेंब, तेल येते. तो थेंब सेकंदाच्या सुमारे पाचशेव्या भागात आत जाऊन पसरला पाहिजे. भार कमी झाला की त्याच थेंबाचा तिसरा-चौथा हिस्सा जावयाचा, आणि तोही तितक्याच नेमकेपणाने.

रुडोल्फ डिझेल यांनी १८९२ मध्ये आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा त्यांचे वय तेहतीस वर्षांचे होते. जर्मनीतील ऑग्झबर्ग येथील यंत्रशाळेने त्यांना प्रयोगासाठी जागा व माणसे दिली. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या यंत्रात प्रथमच इंधन सोडण्यात आले. ते पेट्रोल होते. त्यासरशी आतील दाब वातावरणाच्या सुमारे ऐंशी पट झाला आणि दाब मोजणाऱ्या उपकरणाचे तुकडे उडाले. हवेच्या दाबाने इंधन पेटते एवढे यावरून सिद्ध झाले; इंजिन मात्र चालले नाही.

इंधन द्रवरूपातच पंपाने सरळ आत ढकलावे, असा डिझेल यांचा आरंभीचा प्रयत्न होता. तो फसला. एवढ्या दाबाला गळणार नाही, थेंबाच्या अंशाचा हिशेब ठेवील आणि क्षणार्धात उघडून क्षणार्धात मिटेल असा पंप बनविणे त्या काळच्या कारखान्यांच्या आवाक्यात नव्हते. तेव्हा त्यांनी हवेचा आश्रय घेतला. इंजिनाच्या शेजारी हवा दाबणारा एक कॉम्प्रेसर बसवावयाचा, सिलिंडरमधील दाबाच्या दुप्पट, म्हणजे वातावरणाच्या साठ-सत्तर पट दाबाची हवा तयार करावयाची आणि त्या हवेच्या झोताबरोबर तेल आत उडवावयाचे, अशी ही योजना होती. पंपाने तेलाची मात्रा सुईसारख्या झडपेभोवती आणून ठेवावी. झडप उचलली जाताच मागे दबा धरून बसलेल्या हवेने ते तेल बारीक छिद्रांतून फोडून आत न्यावे. अवघड काम हवेवर सोपविल्यामुळे पंपाला फक्त मोजण्याचे सोपे काम उरले.

१७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन प्रथमच स्वतःच्या बळावर फिरले, सुमारे एक मिनिट आणि मिनिटाला ८८ फेऱ्यांच्या गतीने. असे सांगतात की, बाहेरून इंजिन फिरविणाऱ्या पट्ट्याचा ताण उलटल्याचे जवळ उभ्या असलेल्या लिंडर नावाच्या कारागिराच्या प्रथम लक्षात आले आणि त्याने एक शब्दही न बोलता डिझेल यांच्यापुढे डोक्यावरची टोपी काढली. त्यानंतर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ रोजी, म्यूनिकचे प्राध्यापक श्रोटर यांनी सुधारलेल्या इंजिनाची रीतसर चाचणी घेतली. सुमारे तीन मीटर उंचीच्या आणि वीस अश्वशक्तीच्या त्या यंत्राने इंधनातील उष्णतेपैकी २६.२ टक्के उष्णतेचे उपयुक्त कार्यात रूपांतर केले. तत्कालीन सामान्य वाफेच्या इंजिनांना याच्या निम्मेही साधत नसे.

हवेच्या झोताची ही पद्धत वाईट होती, असे मुळीच म्हणता येणार नाही. तिने तेलाचे उत्तम तुषार होत, धूर कमी निघे आणि जाडेभरडे तेलही तिला चाले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते आणि पाहणाऱ्यांना तेलातील हा बदल जाणवलाही नाही, असे डिझेल यांनी पुढे नमूद केले आहे. १९१२ मध्ये कोपनहेगनहून बँकॉककडे निघालेले ‘सेलांडिया’ हे महासागरी डिझेल जहाजही याच पद्धतीच्या दोन इंजिनांवर चालले. त्यांतील प्रत्येक इंजिन १,२५० अश्वशक्तीचे होते.

परंतु या उदाहरणांतच पद्धतीची मर्यादाही दिसून येते. इतक्या दाबाची हवा एका टप्प्यात तयार करता येत नाही. दोन-तीन टप्पे लागतात आणि प्रत्येक टप्प्यानंतर हवा थंड करावी लागते. कॉम्प्रेसर, शीतक, हवेच्या टाक्या आणि नळ्या असा हा संसार इंजिनाबरोबर वागवावा लागे. काही वेळा इंजिनाच्या शक्तीचा दहावा हिस्सा त्यालाच पोसण्यात खर्ची पडे. वंगणाचे तेल हवेच्या नळीत शिरल्यास स्फोटाचे भय असे, ते वेगळेच. वीजकेंद्राला किंवा जहाजाला हा भार परवडे. पाच अश्वशक्तीच्या इंजिनाला तो परवडणे शक्य नव्हते, आणि खड्ड्यांतून धक्के खात जाणाऱ्या गाडीवर तो टिकणेही कठीण होते.

येथे डिझेल यांच्या मूळ हेतूचे स्मरण करणे आवश्यक आहे. वाफेचे इंजिन मोठ्या भांडवलदारालाच परवडते, त्यामुळे लहान कारागीर देशोधडीला लागतो, तेव्हा त्याच्या हाती स्वस्त आणि लहान शक्तियंत्र द्यावे, ही त्यांची तळमळ होती. सामाजिक प्रश्नावर त्यांनी १९०३ मध्ये एक पुस्तकही लिहिले. प्रत्यक्षात त्यांचे इंजिन गेले ते वीज कंपन्यांच्या, गिरण्यांच्या आणि जहाज कंपन्यांच्या ताब्यात. तत्त्व लहानांसाठी शोधले गेले. परंतु त्याला जोडलेल्या हवेच्या यंत्रणेने ते मोठ्यांच्या दारी नेऊन बांधले. सप्टेंबर १९१३ अखेर अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रुडोल्फ डिझेल नाहीसे झाले आणि पुढे समुद्रात त्यांचे प्रेत आढळले. त्या वेळी रस्त्यावर त्यांच्या इंजिनाचा एकही ट्रक धावत नव्हता.

हवेवाचून तेल फवारण्याचे प्रयत्न त्यापूर्वीच सुरू झाले होते. इंग्लंडमध्ये हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट यांनी १८९० मध्येच पंपाने तेल सोडणाऱ्या इंजिनाचे पेटंट घेतले. तेथे तेल एका तापवलेल्या पोकळ गोळ्यात सोडले जाई आणि दाब अगदी कमी असल्याने साधा पंप पुरत असे. मात्र सुरू करण्याआधी गोळा दिव्याने तापवावा लागे आणि तेलही अधिक जळे. १९१० मध्ये व्हिकर्स कंपनीच्या जेम्स मॅकेक्नी यांनी दुसरी वाट काढली. सर्व सिलिंडरांना मिळून एकच नळी ठेवावयाची, तीत तेलच प्रचंड दाबाखाली भरून ठेवावयाचे आणि झडपा उघडून हवे तेवढे घ्यावयाचे. ब्रिटिश पाणबुड्यांच्या इंजिनांत ही रीत वापरली गेली. आज मोटारींच्या संदर्भात ‘कॉमन रेल’ हा शब्द ऐकू येतो, त्याचे मूळ तत्त्व हेच होय. विजेच्या नियंत्रणाची जोड मिळून ते प्रवासी मोटारीत आले १९९७ मध्ये.

लहान इंजिनाची कोंडी फोडली ती मात्र जर्मनीतील मानहाइम येथे. बेंझ कंपनीतील अभियंता प्रोस्पर लोरांज यांनी १९०९ मध्ये पूर्वकक्षाचे पेटंट घेतले. मुख्य सिलिंडरच्या डोक्यावर एक लहानशी खोली ठेवावयाची आणि तेल तीत फवारावयाचे. तेथे थोडे तेल पेटते, दाब चढतो आणि त्या ज्वालाच उरलेले तेल अरुंद वाटेने मुख्य सिलिंडरमध्ये उधळून देतात. जे काम बाहेरून आणलेली हवा करीत होती, ते आतील ज्वलनाकडूनच करवून घेण्याची ही युक्ती पाहून थक्क व्हावयास होते. पंपावरील दाबाचा बोजा त्यामुळे हलका झाला. महायुद्धामुळे मध्ये काही वर्षे गेली. परंतु १९२३ मध्ये बेंझ कंपनीने पूर्वकक्षाच्या इंजिनाचा ट्रक रस्त्यावर आणला. त्याच वर्षी डाइमलर कंपनीने मात्र हवेच्या झोताचे इंजिन ट्रकवर बसवून पाहिले. १९२६ मध्ये या दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि त्यांतील पूर्वकक्षाची पद्धतच पुढे चालू राहिली.

ऑग्झबर्गची यंत्रशाळाही स्वस्थ बसलेली नव्हती. १९२४ मध्ये तिने, म्हणजे तोवर ‘मान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने, तेल पंपाने सरळ सिलिंडरमध्ये फवारणारे ट्रकचे इंजिन तयार केले. तो ट्रक ऑग्झबर्गहून न्यूरेंबर्गपर्यंतचे १४० किलोमीटरचे अंतर साडेपाच तासांत कापून गेला. डिझेल यांना १८९३ मध्ये ज्या आवारात जे साधले नव्हते, तेच तेथे एकतीस वर्षांनी साधले. तत्त्व बदललेले नव्हते; या अवधीत पोलाद सुधारले होते, घासकामाची यंत्रे सुधारली होती आणि मापे घेणाऱ्या हातांत शिस्त आली होती.

तरीही प्रत्येक इंजिन कारखान्याने आपापला पंप बनवीत बसावे, ही स्थिती फार काळ चालणारी नव्हती. श्टुटगार्टचे रॉबर्ट बॉश यांनी १९२२ च्या अखेरीस डिझेलचा पंप बनविण्याचे ठरविले. त्यांचा सारा व्यवसाय पेट्रोल इंजिनाला ठिणगी पुरविणाऱ्या मॅग्नेटोवर उभा होता, आणि त्यांनी हाती घेतला तो ठिणगीची गरजच नसलेल्या इंजिनाचा भाग! अनेक नमुने तपासून १९२७ मध्ये पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. या पंपातील बोटाएवढ्या दट्ट्याच्या, म्हणजे प्लंजरच्या, अंगावर एक तिरकी खाच असते. प्लंजर वर जाताना तेलाचे छिद्र झाकतो आणि तेलावर दाब चढतो. वाटेत ती तिरकी खाच छिद्रासमोर आली की दाब एकदम उतरतो आणि फवारा थांबतो. प्लंजर स्वतःभोवती किंचित फिरविला की खाच लवकर किंवा उशिरा येते आणि तेल कमी-अधिक होते. प्लंजरची वर-खाली धाव कायम ठेवून केवळ एका खाचेच्या तिरकेपणावर तेलाचे मोजमाप सोपविणे, ही या रचनेतील खुबी होय.

प्लंजर आणि त्याचे घर यांच्यातील फट मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश भागांएवढी असते. ते एकमेकांवर घासून जोडीने तयार केले जातात. एका जोडीचा प्लंजर दुसरीच्या घरात चालत नाही. आरंभी सांगितलेल्या बुडबुड्याचे कोडेही येथेच उलगडते. तेल जवळजवळ दबत नाही, म्हणून प्लंजरची बारीकशी हालचालही तत्काळ नोझलपर्यंत पोहोचते. हवा मात्र दबते. नळीत बुडबुडा असला की प्लंजर त्यालाच दाबत राहतो आणि नोझल उघडण्याइतका दाब कधीच चढत नाही. फडक्याने न गाळलेल्या, धूळ मिसळलेल्या डिझेलने जे नुकसान होते तेही याच फटीत होते. घासला गेलेला प्लंजर डोळ्यांना जसाच्या तसा दिसतो. इंजिनाची ताकद मात्र दिवसेंदिवस उतरत जाते.

कॉम्प्रेसरचे ओझे उतरल्यानंतरच डिझेल इंजिन लहान होऊ शकले. महाराष्ट्रात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे उभा राहिला आणि त्याची इंजिने विहिरींवर, उसाच्या गुऱ्हाळांवर व पिठाच्या गिरण्यांवर गेली. बॉशच्या सहकार्याने १९५१ मध्ये बंगलोरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी स्थापन झाली. तिची ‘मायको’ ही संक्षिप्त ओळख मूळ नावाहून अधिक रुळली. तिचा एक कारखाना पुढे नाशिकला झाला. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश असे झाले, तरी जुने मेकॅनिक अजूनही मायकोचेच नाव घेतात.

तालुक्याच्या गावी अशा मेकॅनिकच्या दुकानात नोझल तपासण्याचे एक हातपंपासारखे साधन दिसते. नोझल त्याला जोडून तो दांडा दाबतो. काटा दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २०० किलोग्रॅमपर्यंत चढतो आणि नोझलमधून करकर आवाज करीत तेलाचे धुके उडते. तो आवाज त्याच्या कानाला पटला पाहिजे. नोझलच्या टोकाशी एकही थेंब लोंबकळता कामा नये. थेंब दिसला तर तो नोझल पुन्हा खोलतो, सुई स्वच्छ तेलात धुतो, ती तिच्याच घरात परत बसवितो आणि दांडा पुन्हा दाबतो.