नागरिकाची हाक
(येडशी येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



आज दोन ग्रंथांविषयी बोलावयाचे आहे. पहिला, श्री. ज्ञानेश्वर मुळे यांचा ‘माती, पंख आणि आकाश’. कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुल लाट या खेड्यातून परराष्ट्रसेवेत गेलेल्या आणि पुढे न्यूयॉर्क येथे भारताचे महावाणिज्यदूत झालेल्या लेखकाचे हे आत्मकथन. परमुलखात पारपत्र हरवले वा अटक झाली, तर नागरिकाने हाक मारावी ती वाणिज्यदूताला.

या पदाचे ‘कॉन्सल’ हे इंग्रजी नाव रोमच्या सर्वोच्च निर्वाचित पदावरून आले. इ. स. पू. ६३ मध्ये ते पद भूषविणाऱ्या सिसेरोची भाषणे, हा दुसरा ग्रंथ. इ. स. पू. ७० मध्ये त्याने सिसिलीचा लुटारू सुभेदार व्हेरेस याच्यावर खटला चालविला. तत्पूर्वी ५० दिवस सिसिलीत हिंडून हिशेबवह्या व साक्षी गोळा केल्या. पहिल्याच सुनावणीत व्हेरेस परागंदा झाला. उर्वरित भाषणे न बोलताच ग्रंथरूप झाली. आपण रोमचे नागरिक आहोत, असा आक्रोश करणाऱ्या गाव्हियसला व्हेरेसने क्रुसावर चढविले, ही हकीकत त्यांतीलच.

शब्दाला बळ येते ते पुराव्याने. म्हणून ग्रामसभेत बोलणाऱ्याने आधी दप्तर पाहावे. शिक्षकाने वक्तृत्वस्पर्धेतील मुलाला पाठांतरापूर्वी चौकशी करावयास शिकवावे. आणि आम्ही अधिकाऱ्यांनी असे वागावे, की आपण नागरिक आहोत हे कोणालाही आमच्यापुढे ओरडून सांगावे लागू नये.