भीती आपली, आजार दुसऱ्यांचा?

(१९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात, बार्शी येथे केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी सुचवलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआय आपल्या पोरांच्या नोकऱ्या खाणार का, यावर बोल." त्यावर बोलणारे आपल्या बॅचमध्ये पाच-सहा जण तरी आहेत आणि ते जेवताना बोलणारच आहेत. म्हणून मी दुसरा विषय मागून घेतला. मी डॉक्टर नाही. पण मी आई आहे, माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, आणि इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या घरी साधारण याच वयाची मुलगी आहे.

मागे आपल्या ग्रुपवर एकीने विचारलं होतं, "मुलीला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस द्यावी का?" एरवी कोणाच्या वाढदिवसाला शंभर केक येतात. या प्रश्नाला तीन उत्तरं आली. एक नुसता अंगठा. दुसरं एक फॉरवर्ड, की या लशीने पुढे मूल होत नाही. आणि तिसरं, "आपल्या मुलींना काय गरज?"

मला दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तराबद्दल बोलायचंय. दुसरं भीतीचं आहे, तिसरं पूर्वग्रहाचं. लशीला विरोध होतो तेव्हा ही दोन्ही एकमेकांच्या आडोशाने उभी असतात. पण ती वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत.

आधी भीती. ती आजची नाही. आपल्या आईवडिलांच्या दंडावर देवी टोचल्याचे वण आहेत. आपल्या देशात पहिली देवीची लस मुंबईत १८०२ साली तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली गेली. आजाराचं नावच 'देवी', मग तिला अडवायचं म्हणजे कोप ओढवून घ्यायचा, असं लोकांना वाटलं तर नवल नाही. पण साहेबांच्या देशात तरी काय वेगळं होतं? इंग्लंडमध्ये १८५३ साली लस सक्तीची झाली आणि १८८५ साली लेस्टर शहरात त्या सक्तीविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी १८९८ मध्ये सरकारला कायद्यात सवलत द्यावी लागली. तेव्हा लशीला घाबरतात ते अडाणी, हे समीकरण तेव्हाही खरं नव्हतं आणि आजही नाही.

या भीतीच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. औषध आपण आजारी लेकराला देतो, लस मात्र हसत्याखेळत्या लेकराला. मूल तापाने फणफणलं तर आपण म्हणतो, साथ होती. पण आपण स्वतः नेऊन टोचलं आणि मग काही झालं, तर? "माझ्या हाताने झालं" हा विचार कुठल्याही आईला सोसत नाही. न केल्यामुळे झालेलं नुकसान नशिबाच्या खात्यावर जातं, केल्यामुळे झालेलं आपल्या खात्यावर. हिशेब म्हणून हे चुकीचं आहे, पण हे प्रेमातून येतं, मूर्खपणातून नाही. एवढं तरी आपण मान्य करायला हवं.

दुसरं कारण माझ्या धंद्यातलं आहे. रात्री सर्व्हर बंद पडला की आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, "काल काय बदललं?" शेवटचा बदल ज्याने केला तो संशयित. पुष्कळदा तो निर्दोष निघतो, बिघाड आधीपासून आत असतो आणि त्या रात्री फक्त दिसतो. मुलांचंही तसंच होतं. गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस साधारण वर्ष-सव्वा वर्षाच्या सुमारास देतात आणि ऑटिझमची लक्षणं आईबापांच्या नजरेत भरू लागतात तीही त्याच सुमारास. १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने 'लॅन्सेट'मध्ये अवघ्या १२ मुलांवरचा एक लेख छापला आणि लस व ऑटिझम यांचा संबंध असल्याचा संशय जगभर पसरला. पुढे त्यातल्या नोंदींमध्ये फेरफार असल्याचं उघड झालं. २०१० मध्ये नियतकालिकाने लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी त्या डॉक्टरचं नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढलं गेलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या, २०१९ साली निष्कर्ष आला, काही संबंध नाही. बारा मुलांचा लेख एका दिवसात पसरला. साडेसहा लाख मुलांचं उत्तर अजून सगळ्यांपर्यंत पोचलेलं नाही.

तिसरं कारण आपल्याला आवडत नाही, पण बोललं पाहिजे. कधी कधी भीतीला जागा व्यवस्थाच करून देते. जानेवारी २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं सुखरूप घरी गेली, पण तिथल्या आईला पुढच्या वेळी "बिनधास्त या" असं कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि आपल्या आजच्या विषयातलंच सांगायचं, तर याच एचपीव्ही लशीचा एक प्रकल्प २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात सुरू झाला. काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लशीमुळे झाले नसल्याचं दिसलं, पण आणखी एक गोष्ट बाहेर आली. वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. लस निर्दोष असेल, पण न विचारता टोचणं निर्दोष नाही. त्या पालकांचा राग खरा होता. एप्रिल २०१० मध्ये सरकारने तो प्रकल्प थांबवला.

विश्वास तुटला की तो माहितीपत्रकं वाटून परत येत नाही. उत्तर प्रदेशात २००२ साली पोलिओचे बाराशेहून अधिक रुग्ण सापडले. थेंबांनी मुलं नपुंसक होतात, अशी तिथे अफवा होती. आणीबाणीतली सक्तीची नसबंदी लोक विसरले नव्हते, म्हणून ती अफवा रुजली. ती भाषणांनी हटली नाही. त्याच मोहल्ल्यातल्या बायका पुन्हा पुन्हा दार ठोठावत राहिल्या, मशिदीतून इमामांनी सांगितलं, विद्यापीठातले प्राध्यापक वस्त्यांमधून फिरले. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण नाही. म्हणजे भीतीचं औषध आहे: ओळखीचा माणूस, खरी माहिती आणि धीर.

आता दुसरं दुखणं, पूर्वग्रह. याला मी एवढी सहानुभूती दाखवणार नाही.

पूर्वग्रह म्हणतो, हा आजार 'त्यांचा' आहे. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवर उसळला, गोवंडीत लहान मुलं दगावली. माझ्या पुण्यातल्या सोसायटीत तेव्हा चर्चा काय होती? "ते लोक लस घेतच नाहीत." त्याच सोसायटीत 'नैसर्गिक प्रतिकारशक्ती'च्या नावाखाली मुलाचे डोस टाळणारं एक उच्चशिक्षित जोडपं राहतं, त्यांना मात्र कोणी 'ते लोक' म्हणत नाही. झोपडपट्टीतल्या आईचा डोस रोजंदारी बुडते म्हणून चुकला तर ती अडाणी, आणि बंगल्यातल्या आईने ठरवून चुकवला तर तो तिचा 'विचार'. गोवराच्या विषाणूला हा फरक कळत नाही.

एचपीव्हीच्या बाबतीत तर हा पूर्वग्रह थेट आपल्या घरात येऊन बसतो. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून लस म्हटलं की लोक मुलीच्या चारित्र्याचा विचार करतात. "आपल्या मुलींना काय गरज" याचा अर्थ तोच. थोडं स्पष्ट बोलते, सर-बाई माफ करतील. हा विषाणू इतका सर्रास आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याचा संसर्ग होतो आणि बहुधा आपोआप जातोही. काहींच्या शरीरात तो ठाण मांडतो आणि अनेक वर्षांनी कॅन्सर होतो. लग्नाआधी आणि लग्नानंतर एकाच पुरुषाशी संबंध आलेल्या बाईलाही तो नवऱ्याकडून येऊ शकतो. मुलगी 'चांगली' असणं ही यावरची लस नव्हे. लस लहान वयात द्यायची, कारण ती विषाणू येण्याआधी दिली तरच पुरेपूर काम करते. आपण तिला मोकळीक देतोय, असा त्याचा अर्थ नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं म्हणून कोणी मुद्दाम गंजक्या खिळ्यावर पाय देत नाही.

या पूर्वग्रहाची किंमत आपल्या वर्गाने मोजली आहे. आपली एक मैत्रीण आज इथे नाही. बऱ्याच जणांना ती 'पोटाच्या आजाराने' गेली एवढंच माहीत आहे. तिच्या भावाची परवानगी घेऊन, नाव न घेता सांगते, तिला गर्भाशयमुखाचा कॅन्सर होता. जवळजवळ दोन वर्षं अंगावरून जास्त जात होतं, ती बोलली नाही. कळल्यावर घरच्यांनीही बाहेर सांगितलं नाही, कारण लोक काय अर्थ काढतील. आपण शाळेत होतो तेव्हा ही लस जगातच नव्हती, ती २००६ मध्ये आली. पण तपासणी होती. आणि ती कुठे होती? इथे, आपल्या बार्शीत.

आपल्याला आपल्याच गावाचं हे मोठेपण माहीत नाही. गावातलं कॅन्सर हॉस्पिटल आपण रस्त्याची खूण म्हणून सांगतो. १९८७ पासून इथे बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या खेड्यांमधल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते, ग्रामीण भारतातली अशी ही पहिली नोंदणी. पलीकडच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे त्या गटातले या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या आपल्याच मावश्या, काकू होत्या, ज्वारीच्या रानातून तपासणीला आलेल्या.

आणखी एक. २०१० च्या त्या बंदीच्या वेळी देशात एचपीव्ही लशीचा एक वेगळा अभ्यासही चालू होता, बार्शी हे त्याचं एक केंद्र होतं. मुलींना दोन किंवा तीन डोस मिळायचे होते. सरकारने सगळंच थांबवल्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. अभ्यासकांनी त्या मुलींची साथ सोडली नाही, वर्षानुवर्षं तपासण्या केल्या. दिसलं असं, की एका डोसनेही जवळपास तेवढंच संरक्षण मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागच्या पुराव्यांत या मुली आहेत. आपल्या भागातल्या मुलींनी जगाला एक उत्तर दिलं, आणि आपण ग्रुपवर फॉरवर्ड वाचत बसलोय.

आता त्या फॉरवर्डचं उत्तर. या लशीत जिवंत विषाणू नाही, त्याच्या वरच्या आवरणासारखं प्रथिन आहे. दंड दुखतो, कधी ताप येतो, काही मुलींना चक्कर येते, म्हणून पंधरा मिनिटं बसवून ठेवतात. तीव्र ॲलर्जी लाखो डोसांमागे एखादी. वंध्यत्व येतं असा पुरावा इतक्या वर्षांत मिळालेला नाही. इंग्लंडमध्ये ज्या मुलींना बारा-तेराव्या वर्षी लस मिळाली, त्यांच्यात हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी कमी झाला. उलट जपानने २०१३ मध्ये दुष्परिणामांच्या बातम्यांमुळे लशीची शिफारस थांबवली, तेव्हा लस घेणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवरून एका टक्क्याच्याही खाली आलं. नागोया शहरात जवळपास तीस हजार तरुणींकडून त्या लक्षणांची माहिती घेतली, लशीशी संबंध दिसला नाही. तरी शिफारस परत यायला २०२२ उजाडलं. मधल्या वर्षांतल्या मुली तशाच मोठ्या झाल्या. आपल्या देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना हा कॅन्सर होतो आणि सुमारे ८० हजार जातात.

माझ्या मुलीला मी लस दिली. आधी तिला सगळं सांगितलं, तिने मला गडबडून टाकणारे चार प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. तुम्ही माझं ऐकून लस द्या, असं मी म्हणत नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण विचारा. अंगठा दाखवून गप्प बसू नका.

शेवटी एक मागणं. या मेळाव्याच्या निधीतून शाळेला प्रोजेक्टर द्यायचं ठरतंय, जरूर द्या. पण त्यातून एक पालकसभाही घेऊ या, आठवीच्या मुलींच्या आणि मुलांच्याही पालकांसाठी. गावातल्या ओळखीच्या डॉक्टरबाई बोलवू. भाषण दहा मिनिटं आणि प्रश्न दोन तास. कोणाच्या भीतीला हसायचं नाही आणि कोणाच्या वतीने सही करायची नाही. आणि मैत्रिणींनो, आपली वयं तपासणीची आहेत. पुढच्या महिन्यात मी दोन दिवस माहेरी येतेय, माझी तपासणी इथेच करून घेणार आहे. ज्यांना सोबत यायचंय त्यांनी जेवणानंतर माझ्याकडे नाव द्या.

सर, बाई, तुम्ही आमच्या हजेरीत एकही नाव सुटू दिलं नाहीत. यापुढे आमच्या हजेरीतलं आणखी एक नाव अशा कारणाने कमी होऊ नये, एवढंच.