पडद्यावरचे पिस्तूल आणि इतिहासातले पिस्तूल



ज्या व्यासपीठावर संतवाङ्मय, शिवकाल आणि शेतीचे प्रश्न यांवर व्याख्याने होतात, तेथे आम्ही अमेरिकन काउबॉयच्या पिस्तुलावर बोलणार, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींच्या भुवया चढल्या असतील. परंतु एकोणिसाव्या शतकातली पश्चिम अमेरिका आपण पुस्तकांतून फारशी वाचलेली नाही. आपल्याला ती चित्रपटांनीच शिकवली. गुरुजी खरे शिकवतात की नाही, एवढे पाहण्याचा अधिकार विद्यार्थ्याला असावा.

प्रथम किरकोळ चुका घेऊ. या चित्रपटांतल्या नायकाच्या कमरेला बहुधा कोल्ट कंपनीचे सहाबारी पिस्तूल असते. ते १८७३ साली प्रचारात आले. जॉन फोर्ड यांच्या 'द सर्चर्स' या १९५६ च्या चित्रपटाची कथा १८६८ साली सुरू होते, तरी पिस्तूल तेच! फोर्ड यांच्याच १९३९ च्या 'स्टेजकोच'मध्ये अपाची पुढारी जेरोनिमो याच्या बंडाची दहशत आहे. जेरोनिमो १८८६ साली शरण आला. पण जॉन वेन यांच्या हातातली विंचेस्टर रायफल १८९२ सालच्या नमुन्याची आहे.

पाच-दहा वर्षांनी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. बिघडते, कारण मधल्या काळात बंदूक भरण्याची रीतच बदलली. अमेरिकेच्या यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, बहुतेक पिस्तुले ठासणीची होती. चक्राच्या प्रत्येक घरात पुढून दारू घालायची, वर गोळी ठेवून दट्ट्याने दाबायची आणि मागे तांब्याची टोपी बसवायची. असे सहा वेळा. मागून काडतूस सरकवण्याची सोय असलेल्या आरपार चक्राचे पेटंट रॉलिन व्हाइट याने १८५५ साली घेतले होते आणि त्याचा परवाना स्मिथ अँड वेसन कंपनीकडे होता. त्यामुळे १८६९ साली मुदत संपेपर्यंत कोल्टचे हात बांधलेले होते. सहा बार संपले की त्या काळच्या माणसाला आडोसा, वेळ आणि स्थिर हात लागत. पडद्यावरचा नायक मात्र घोडा फेकता फेकता पट्ट्यातून काडतुसे काढतो.

धुराचेही तसेच. ती दारू काळी. बिनधुराची दारू फ्रान्समध्ये १८८४ साली निघाली आणि अमेरिकेत १८९० नंतर पसरली. बंद गुत्त्यात काळ्या दारूचे दहा-बारा बार उडाले, तर समोरचा मित्र की शत्रू हे ओळखणे कठीण. पडद्यावर मात्र मागच्या भिंतीवरची तसबीरसुद्धा स्वच्छ दिसते!

चित्रपटवाले अडाणी होते म्हणून हे झाले, असे मात्र नाही. चित्रीकरणासाठी बिनगोळीचे असे एक काडतूस निघाले होते, की ते निरनिराळ्या मापांच्या पिस्तुलांत आणि रायफलींतही चाले. ज्या बंदुकांत ते बसे, त्याच पुन्हा पुन्हा पडद्यावर येत. हिशेबाच्या सोयीपुढे इतिहास मागे पडला, इतकेच. त्याबद्दल आम्ही त्यांना फाशी देणार नाही.

आमची खरी तक्रार निराळी आहे. बंदूक कोणत्या सालची, यापेक्षा ती कोणाच्या कमरेला आणि कोणाच्या परवानगीने, हा मोठा प्रश्न आहे. पडद्यावरच्या गावात जो तो पिस्तूल लटकावून हिंडतो. प्रत्यक्षात कॅन्ससमधील डॉज सिटीच्या रस्त्यात शस्त्रबंदीची भलीमोठी पाटी होती. तिचे त्या काळचे छायाचित्र आज पाहावयास मिळते. ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावानेही शस्त्र बाळगून हिंडण्यास मनाई करणारा ठराव केला होता. २६ ऑक्टोबर १८८१ रोजी ओ. के. कोरल येथे जी चकमक झाली, तिची ठिणगी याच ठरावाने पडली. व्हर्जिल अर्प हा गावचा पोलीस अधिकारी, आणि तो समोरच्यांची शस्त्रे काढून घेण्यास निघाला होता. अवघ्या काही फुटांवरून सुमारे ३० बार, सुमारे ३० सेकंद, आणि तीन माणसे मेली. त्याच चकमकीवरच्या १९५७ च्या चित्रपटात ती कित्येक मिनिटे रंगते. प्रेक्षकाला पराक्रम लक्षात राहतो. गावाचा ठराव कोणाच्या ध्यानात राहत नाही.

समोरासमोर उभे राहून पिस्तूल उपसण्याची द्वंद्वे अगदीच झाली नाहीत असे नव्हे. २१ जुलै १८६५ रोजी मिझुरीतील स्प्रिंगफील्डमध्ये वाइल्ड बिल हिकॉकने सुमारे ७५ यार्डांवरून डेव्हिस टट याला मारले. पण अशी उदाहरणे विरळा. चित्रपटांनी अपवादाचा नियम केला. उलट १९९२ च्या क्लिंट ईस्टवुड यांच्या 'अनफर्गिव्हन'मध्ये गावाच्या वेशीवरच शस्त्रबंदीची पाटी आहे, आणि ती बंदी राबवणारा शेरीफ क्रूर आहे. कायदाही दाखवला आणि कायद्याचा जुलूमही. सत्य सांगूनही चित्रपट रंगतो, याचा हा पुरावा.

हे सारे करमणुकीपुरतेच असते तर आम्ही आपली संध्याकाळ घेतली नसती. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा दंडक घातला की, शस्त्रांवरील निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळले पाहिजेत. पश्चिमेच्या प्रदेशांतील जुन्या निर्बंधांना त्या निकालाने फारसे वजन दिले नाही. निकालाची चर्चा कायदेपंडित करोत. आपण इतके ध्यानात घ्यावे की, दीडशे वर्षांपूर्वी एखाद्या गावाने वेशीवर कोणती पाटी लावली होती, यावर आज जिवंत माणसांच्या सुरक्षिततेचा वाद चालतो. अशा वेळी पूर्वज कसे जगले हे चित्रपटगृहात ठरू लागले, तर ते धोक्याचे आहे.

म्हणून चित्रपट अवश्य पाहा. आम्हीही पाहतो आणि टाळ्या वाजवतो. फक्त बार मोजा, धूर कुठे आहे ते पाहा, आणि त्या गावाचा ठराव काय होता, हे घरी जाताना एकमेकांना विचारा.